खरा धोका कोमट पातेल्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की विषबाधेच्या बातम्या ओळीने येऊ लागतात. कधी लग्नाची पंगत, कधी वसतिगृहाची मेस, कधी कारखान्याच्या गेटबाहेरची खानावळ, कधी महाप्रसाद. बातमीचा साचा ठरलेला असतो: इतक्या जणांना उलट्या-जुलाब, रुग्णालयात दाखल, प्रकृती स्थिर, अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले. पुढे त्या नमुन्यांत काय सापडले, चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली, हे वाचकाला सहसा कळत नाही. मग जो तो आपापल्या परीने कारण ठरवतो. तेल खराब असेल, भाजी शिळी असेल, झुरळे असतील. सोबत छापलेला फोटोही जळमटांचा किंवा काळ्याकुट्ट कढईचा असतो.

झुरळे नकोत आणि जळमटेही नकोत, याबद्दल दुमत नाही. पण छोट्या खानावळी, पोळी-भाजी केंद्रे आणि नाश्त्याच्या गाड्या यांचा विचार केला, तर माणसे आजारी पाडणारी चूक बहुतेक वेळा अशा जागी असते जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. भाजी ताजी असते, पातेले घासलेले असते, चव उत्तम असते. अन्न शिजून झाल्यावर ते किती वेळ कोमट राहिले आणि त्या काळात कुणाचा हात, कुठले पाणी त्याला लागले, यावर सगळे ठरते. हे दोन प्रश्न तपासणीच्या वेळी आणि गिऱ्हाइकांच्या बोलण्यात फारसे येत नाहीत, म्हणून हे पत्र.

५ अंशांच्या खाली जिवाणूंची वाढ जवळजवळ थांबते आणि ६० अंश सेल्सिअसच्या वर ती होत नाही. मधला पट्टा धोक्याचा. आपल्याकडचे साधारण हवामान, स्वयंपाकघरातली ऊब, झाकून ठेवलेली आमटी, सगळे याच पट्ट्यात येते. चांगली परिस्थिती मिळाली तर अनेक जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत चार तासांत चार हजारांवर आणि सात तासांत वीस लाखांवर. म्हणजे पहिले दोन तास विशेष काही घडत नाही आणि शेवटच्या दोन तासांत सगळे हाताबाहेर जाते. 'आत्ताच तर झाकून ठेवलं होतं' असे वाटते ते यामुळेच.

'पण आपण उकळतो की,' असे प्रत्येक आचारी म्हणतो. उकळीने जिवाणू मरतात, हे खरे. पण काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही जगतात. कोरड्या रानात मृगाच्या पावसाची वाट पाहत पडलेल्या बियाण्यासारखे ते असतात. भात, डाळ, मसाले, मांस यांच्याबरोबर ते पातेल्यात येतात, शिजण्याच्या उष्णतेने उलट जागे होतात आणि अन्न कोमट झाले की उगवतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काही जिवाणू अन्नात विष सोडतात आणि ते विष पुन्हा उकळल्याने जात नाही. हाताच्या गळवातून किंवा नाकातून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे विष अर्धा तास उकळूनही टिकते. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरिअसचे उलटी आणणारे विष तर त्याहूनही चिवट. सकाळी आमटीला दणदणीत उकळी आणली, वास घेतला, चव पाहिली, सगळे ठीक वाटले, तरी दुपारी माणसे आडवी होऊ शकतात. वास आणि चव हा इथे पुरावाच नाही.

आता पातेल्याकडे बघू. मेसमध्ये रात्री दहाला वीस लिटरच्या टोपात आठ-दहा लिटर आमटी उरते. ती फेकवत नाही आणि फेकूही नये. टोपावर झाकण बसते, ओट्याखाली किंवा मोरीजवळच्या गार फरशीवर तो सरकवला जातो आणि दिवे बंद होतात. त्या टोपात रात्रभर काय होते? कडेची आमटी लवकर निवते; मधली निवत नाही, कारण डाळ घट्ट असते आणि घट्ट पदार्थात उष्णता बाहेर पडायला फार वेळ लागतो. थर दुप्पट जाड झाला की निवायचा वेळ दुप्पट नव्हे, जवळपास चौपट होतो. झाकणाला आतून पाणी सुटते, थेंब परत आमटीत पडतात. पहाटे बोट बुडवले तर पृष्ठभाग गार लागतो आणि पळी तळाशी घातली की कोमट घट्ट थर वर येतो. रस्से, आमट्या, खिमा यांत वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू ४३ ते ४५ अंशांच्या आसपास इतका जोमाने वाढतो की दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. त्याला हवाही नको असते, आणि टोपाच्या पोटात तसेच वातावरण असते. अशा जेवणानंतर आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. तोवर माणसाने आणखी दोनदा कुठेतरी खाल्लेले असते आणि दोष भलत्याच गाडीवर जातो.

झाकण ठेवणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. उघडे ठेवले तर पाल-झुरळाची भीती, फ्रिज घरगुती आणि आधीच भरलेला, आणि उकळता टोप आत सरकवला तर शेजारचे दूध, दही, पनीर गरम होणार. ही कारणे खोटी नाहीत. म्हणून उपाय त्यांना धरूनच सांगायला हवा.

उरलेली आमटी किंवा रस्सा लगेच रुंद, उथळ भांड्यांत ओता: स्टीलचे ट्रे किंवा परात, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. मोठ्या घमेल्यात किंवा प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि बर्फ घालून त्यात हे भांडे ठेवा, दर दहा मिनिटांनी स्वच्छ पळीने तळापासून ढवळा. वर पातळ जाळी, झाकण नको. विदर्भात, खानदेशात एप्रिल-मेमध्ये नळाचे पाणीच इतके तापलेले असते की नुसत्या पाण्याने काम होत नाही, बर्फ लागतोच. बर्फ विकत घ्यायचा नसेल तर पाण्याच्या बाटल्या रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा, बाहेरून साबणाने धुऊन टबात टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठवा. ६० अंशांवरून २१ अंशांवर यायला दोन तासांपेक्षा जास्त लागता कामा नये. तिथून फ्रिजमध्ये ५ अंशांवर जायला आणखी दोन, फार तर चार. अशा रीतीने आमटी तासाभरात फ्रिजमध्ये ठेवण्याजोगी होते. ज्याला हे शक्य नाही, त्याने रात्रीच्या फेरीला आमटी कमी टाकावी आणि संपली तर 'संपली' म्हणावे. संपलेल्या आमटीमुळे कुणी दवाखान्यात गेलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ती वापरताना हवी तेवढीच काढावी, ढवळत सगळीकडून बुडबुडे येईपर्यंत तापवावी. मध्यभागी ७५ अंश. एकदा तापवलेले पुन्हा फ्रिजमध्ये नाही. कालचा कट आजच्या कटात ओतायची मिसळवाल्यांकडची सवय मात्र पूर्ण सोडायला हवी. 'त्यानं चव मुरते' असे सांगितले जाते. चवीचे काही असो, त्यामुळे एका दिवसाची चूक आठवडाभर पुढे ढकलली जाते आणि कुठल्या दिवसाचा कट बिघडला हे कधीच कळत नाही.

हीच गोष्ट चायनीजच्या गाडीवर भाताच्या रूपात असते. फ्राइड राइसचा दाणा मोकळा हवा, म्हणून भात दुपारी बाराला उकडून गाळतात आणि मोठ्या टोपलीत किंवा टबात कपड्याखाली ठेवतात. गिऱ्हाईक सुरू होते सात वाजता. मधले सात तास तो भात ३०-३५ अंशांत पडून असतो. मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतल्याने दाणा चुरचुरतो, पण तयार झालेल्या विषाला काही होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, ताप नाही, तर भाताचा संशय आधी घ्यावा. उपाय साधा आहे. भात दोन घाण्यांत उकडा, पहिला साडेपाचला, दुसरा साडेआठला. गाळल्यावर परातीत पातळ पसरा, पंखा लावा, अर्ध्या तासात दाणा कोरडा आणि मोकळा होतो. फ्रिज असेल तर सकाळी उकडून, असाच पसरून निववून, उथळ डब्यांत फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत संपवा. फ्रिजमधला भात परतायला जास्त चांगला असतो, हे कुठलाही जाणता आचारी कबूल करील.

गरम ठेवायचे ते खरोखर गरम हवे. पोळी-भाजी केंद्रात संध्याकाळी पाचला केलेली भाजी नऊपर्यंत काउंटरवर असते, आणि स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ती 'गरम' म्हणजे प्रत्यक्षात ४५ अंश असते, जिवाणूंना हवी तेवढीच. डबा उकळत्या पाण्याच्या उथळ तसराळ्यात बसवावा, खाली बारीक आच ठेवावी, तासातासाला मोजावे. ६० च्या खाली गेली तर परत ७५ ला न्यावी. ते जमत नसेल तर चार तासांचा नियम पाळावा: शिजल्यापासून चार तासांत विकली गेली नाही ती टाकून द्यायची, परत तापवायची नाही. डब्यांना हिशेब आणखी कडक आहे. सकाळी दहाला भरलेला डबा दीडला उघडतो, म्हणजे साडेतीन तास गेलेच. त्यात ओल्या नारळाची चटणी, दह्याची कोशिंबीर, आदल्या रात्री उकडून सोललेल्या बटाट्याची भाजी घालू नये. भात-आमटी वाफाळतीच भरावी.

हे सगळे मोजायचे कशाने? सुई असलेला डिजिटल थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. छोट्या व्यवसायाने एकच वस्तू घ्यायची असेल तर हीच घ्यावी, हातमोज्यांच्या आधी, डोक्यावरच्या टोप्यांच्याही आधी. तो बरोबर दाखवतो की नाही, हे घरीच कळते. कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून सुई मध्ये धरा, शून्य दाखवायला हवे. उकळत्या पाण्यात मुंबईत १००, पुण्यात उंचीमुळे ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला आणखी दोन-अडीच अंश कमी. सुई पातेल्याच्या तळाला टेकवू नये, मध्यभागी धरावी. प्रत्येक वेळी आधी साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यात बुडवून मगच दुसऱ्या पदार्थात घालावी, नाहीतर कच्च्या चिकनचे जिवाणू पनीरमध्ये नेण्याचे काम तीच करील. फ्रिजमध्येही एक साधा थर्मामीटर टांगून ठेवावा. दिवसातून शंभरदा दार उघडणारा फ्रिज पाचवर नसतो, बाराला असतो. कच्चे मांस-मासे सर्वांत खाली, शिजलेले वर. वीज गेली तर दार उघडू नये. बंद दाराआड साधारण चार तास गारवा टिकतो.

वडापावच्या हिरव्या चटणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. वडा १७०-१८० अंशांच्या तेलातून येतो, त्याच्याबद्दल फारशी काळजी नाही. पण चटणी कच्ची असते. कोथिंबिरीच्या मुळाशी माती, मातीबरोबर शेतातले आणि बाजारातल्या शिंपडलेल्या पाण्यातले सगळे. ती वाटताना पाणी, पुरवठ्याला म्हणून आणखी पाणी. मग तो डबा कढईच्या शेजारी, उबेत, सकाळी आठपासून. चमचा त्यातच रुतलेला, त्याच्या दांड्यावर बोटांचे ओले ठसे. चटणी तळाला गेली की त्याच डब्यात नवीन ओतली जाते, म्हणजे सकाळची चटणी रात्रीपर्यंत पूर्ण संपतच नाही. असे करावे: कोथिंबीर-पुदिना निवडून, दोन-तीन पाण्यांत माती पूर्ण जाईपर्यंत धुवावा. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, तेही अन्नासाठी चालणारे, सुगंध घातलेले फरशीचे नव्हे, दहा लिटर पाण्याला १० मिली, म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत पन्नास भाग क्लोरिन). त्यात पाच मिनिटे बुडवून पुन्हा पिण्याच्या पाण्याने धुवावे. माती न काढता क्लोरिनमध्ये बुडवले तर क्लोरिन मातीतच संपते आणि काहीच साधत नाही. वाटताना पिण्याचे पाणी, लिंबू भरपूर. अर्ध्या लिटरचे चार-पाच डबे करून फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवावे, गाडीवर एका वेळी एकच. दोन तासांनी तो उचलायचा, नवीन डबा आणि नवीन चमचा. वरून भर घालायची नाही. सुकी लसणाची चटणी दिवसभर उघडी राहिली तरी सहसा त्रास देत नाही, कारण तिच्यात जिवाणूंना लागणारे पाणीच नसते.

पाण्याबाबत टँकर, बोअर आणि नळ यांत भेद करू नये. साठवले की सगळे सारखेच. टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, गावोगाव मिळते. चांगली, ३३ टक्क्यांची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे दोनशे लिटरच्या पिंपाला अर्धा ग्रॅम, चिमूटभर. थेट पिंपात टाकू नये. वाटीभर पाण्यात कालवून गाळ बसू द्यावा, वरचे निवळ पाणी पिंपात ओतावे, ढवळून अर्धा तास थांबावे. थोडा क्लोरिनचा वास राहिला तर बरेच. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरले आहे का याची चाचणी, करून देऊ शकतो. पावडरची पिशवी उघडी, दमट जागी राहिली की महिन्याभरात तिचा जोर निघून जातो आणि लोक तीच टाकत राहतात. पिंपातून पाणी काढायला तोटी हवी. तांब्या बुडवला की हातही बुडतो. पाणीपुरीच्या पाण्यात चिंच आणि लिंबाचा आंबटपणा असतो, त्याने थोडी मदत होते, पण मनगटापर्यंत बुडणाऱ्या हातापुढे ती पुरत नाही. लांब दांड्याची पळी वापरायला वेळ जास्त लागत नाही. बर्फाचा रंग बघावा: मासळी वगैरे गार ठेवण्यासाठीचा अखाद्य बर्फ निळा असावा, असा आदेश महाराष्ट्रात २०१८ मध्ये निघाला. खायचा बर्फ रंगहीन. रसवंतीवाल्याने आणि सरबतवाल्याने लादी कुठून आली हे पावतीसह ठेवावे आणि ती गोणपाटात ओढत आणू नये.

हातमोज्यांबद्दल आमचे मत कडू वाटेल. पातळ प्लॅस्टिकचे मोजे घालून पाव कापायचा, त्याच हाताने नोट घ्यायची, मोबाइलवर पैसे आले का ते बघायचे, घाम पुसायचा आणि पुन्हा वडा दाबायचा, यापेक्षा उघडा धुतलेला हात चांगला. उघड्या हाताला चिकटपणा जाणवतो आणि माणूस धुतो. मोज्याला काही जाणवत नाही. पैसे घेणारा आणि पाव देणारा वेगळा असावा. गाडीवर एकटाच असेल तर चिमटा वापरावा आणि सुट्या पैशांचा डबा गिऱ्हाइकाच्या बाजूला ठेवावा. हात धुवायला नळ नाही, ही तक्रार खरी आहे. तोटी बसवलेला वीस लिटरचा कॅन उंचावर, शेजारी साबण, खाली बादली. एवढ्यावर वाहत्या पाण्यात वीस सेकंद हात धुता येतात. बादलीत बुचकळलेला हात धुतलेला नसतो. खांद्यावरचे किंवा गाडीच्या दांडीवरचे फडके हा तर वेगळाच विषय. त्याच फडक्याने गाडी, हात, सुरी, ताट, आणि शेवटी गरम पातेल्याची कड धरायची. ओले फडके म्हणजे जिवाणूंचे घरटे. रोज आठ-दहा धुतलेली छोटी फडकी आणावीत आणि वापरलेले वेगळ्या पिशवीत टाकावे.

ताटल्या धुण्याची एकच करडी बादली असेल, तर पत्रावळी आणि द्रोण वापरणे हिताचे. धुवायच्याच असतील तर तीन भांडी: साबणाचे गरम पाणी, स्वच्छ पाणी, आणि तिसऱ्यात १०० पीपीएम क्लोरिन, म्हणजे वरच्याच द्रावणाचे दहा लिटरला २० मिली. त्यात एक मिनिट, मग जाळीवर उभी करून वाऱ्यावर सुकू द्यायच्या. पुसायच्या नाहीत.

आजारी कामगाराचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तो पैशाचा आहे. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास त्याने अन्नाला हात लावू नये. बोटावर पिकलेली जखम असेल तर जलरोधक पट्टी, तिच्यावर हातमोजा, शक्यतो मळणे-वाटणे दुसऱ्याकडे. कावीळ अ ही डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक पसरते, म्हणून 'मला काही झालेलं नाही' याला अर्थ नसतो, शौचानंतरचा साबण प्रत्येकालाच. पण ज्याला रोजावर पैसे मिळतात तो पोट धरून कामाला येणारच. मालकाने दोन दिवसांचा रोज देऊन त्याला घरी पाठवावे. एका विषबाधेत महिन्याचा धंदा बसतो, त्या मानाने ही रक्कम किरकोळ आहे. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर गटाची लस, हे नियमांतच आहे. ते प्रमाणपत्र पैसे देऊन घरबसल्या मिळवू नये, एवढीच विनंती.

उपवासाच्या दिवसांविषयी थोडक्यात. महाशिवरात्र, एकादशी, नवरात्र यांच्या आसपास भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी येते आणि तिचे विष शिजवूनही जात नाही. फराळ विकणाऱ्यांनी सुटी भगर आणि विशेषतः सुटे भगरीचे पीठ घेऊ नये. पॅकबंद, तारीख असलेली भगर घ्यावी, लागेल तेवढीच दळावी. शेंगदाण्यांतले काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे कुटात जाऊ देऊ नयेत. उपवासाशी संबंध नसलेली, पण जपायची आणखी एक गोष्ट: कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये बंदी घातली. आपल्याकडच्या मोमो-सँडविचच्या गाड्यांनी बंदीची वाट न पाहता अंड्याविना तयार मिळणारे वापरावे आणि फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.

तेल आणि वर्तमानपत्राचा कागद यांबाबत नियम स्पष्ट आहेत. तळणाच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेली की तेल बाद, हे १ जुलै २०१८ पासून लागू आहे. मोजायचे यंत्र नसेल तर फेस बसत नसणे, तेल दाट होणे आणि नेहमीपेक्षा लवकर धूर येणे या खुणा पुरेशा आहेत. पिठाचा चुरा दर दोन तासांनी गाळावा, जुन्यात नवे ओतत राहू नये. छापील कागदात अन्न बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे. हे पत्र आपल्याच पानावर छापले जाईल, तरी त्यात भजी बांधू नयेत असे कळकळीने सांगतो.

आता अन्न व औषध प्रशासनाकडे आणि महापालिकांकडे मागणी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासूनचा. त्यानुसार अन्नाच्या नमुन्याचा अहवाल द्यायला विश्लेषकाला १४ दिवस आहेत. भेसळ पकडायला ही मुदत ठीक असेल, पण मंगळवारच्या कोमट भाताबद्दल पंधरवड्याने काही कळून उपयोग नाही. त्यामुळे छोट्या व्यवसायाच्या तपासणीत निरीक्षकाने स्वतः थर्मामीटर काढून काउंटरवरची भाजी, फ्रिज आणि रात्रीची उरलेली आमटी मोजावी, जागेवरच आकडा दाखवावा. पहिल्या वेळी कलम ३२ ची सुधारणा नोटीस द्यावी, नेमके काय करायचे ते मराठीत लिहून द्यावे, आणि पंधरा दिवसांनी खरोखर परत यावे. दंड त्यानंतर. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) 'फोस्टॅक' हा अन्न व्यावसायिकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. तो सभागृहात पडद्यावरच्या चित्रांनी न घेता दुपारी तीन ते पाच या मोकळ्या वेळात खाऊगल्लीतच, त्यांच्याच पातेल्यांवर घ्यावा. १४ आकडी नोंदणी क्रमांक फळ्यावर रंगवला म्हणून अन्न सुरक्षित होत नाही, आणि नोंदणीसाठी दलाल लागू नये.

महापालिकांनी आणि नगरपालिकांनी फेरीवाला क्षेत्र आखताना पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि जवळ स्वच्छतागृह दिलेच पाहिजे. ज्या रस्त्यावर चाळीस गाड्या उभ्या राहतात आणि एकही नळ नाही, तिथे हात धुवा असे सांगणारा फलक लावणे अन्यायाचे आहे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्याखालच्या शहर पथविक्रेता समित्यांच्या बैठकीत जागेच्या वादाबरोबर नळाचाही विषय यावा.

वाचकांनीही एक करावे. बाहेरचे खाऊन त्रास झाला तर उरलेले अन्न फेकू नका. स्वच्छ डब्यात घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. काय खाल्ले, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, बरोबर कोण होते आणि त्यांना काय झाले, हे तारीख-वेळ घालून लिहा. आधीच्या दोन-तीन दिवसांचे खाणेही आठवून नोंदवा, कारण साल्मोनेलासारखा जिवाणू कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो. तो कागद डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. खाल्ल्यापासून त्रासापर्यंतचे तास कळले, की चूक भाताची, आमटीची की हाताची, हे तिथला अधिकारी प्रयोगशाळेच्या अहवालाआधीच बऱ्यापैकी सांगू शकतो.

आपले,
स्वयंपाकघर प्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक, नाशिक